गायरानावरच्या पिवळ्या फुलांची खरी हकीकत

“आज आमच्या गायरानावर मूठभर गवत उरलेले नाही. पुण्याची माणसे मोटारी थांबवून ज्या पिवळ्या-केशरी फुलांत छायाचित्रे काढतात, ती कॉसमॉसची फुले या मातीतील नव्हेत. त्यांचे बी कै. शालनबाईंनी आपल्या माहेराहून, कवठे महांकाळकडून आणले, शाळेच्या अंगणात लावले आणि तेथून ते गायरानभर पसरले. दर आश्विनात बाईंना ही फुले कवेत घेऊन माळावर एकट्याच हिंडताना आम्ही मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहे. हेतू वाईट नसेल. परंतु फळ गाव भोगत आहे.”

हा उतारा आमच्या गावच्या शाळेच्या स्मरणिकेतील आहे. लेखक गावातीलच एक शिक्षक असून त्यांची अक्षरओळख शालनबाईंच्याच हाताखाली झाली, हे त्यांनी लेखात नमूद केलेले नाही, मी करतो. शालनबाई ही माझी पत्नी. तिला जाऊन सहा वर्षे झाली. खंडाळा तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेत तिने सारी नोकरी घालवली आणि शाळेपुढच्या बागेवर तिच्या नावाचा लोखंडी फलक आहे. स्मरणिका निघाल्यावर आठ दिवसांत कुजबूज सुरू झाली, पंधरा दिवसांत कुजबुजीची मागणी झाली. ज्या बाईने गायरान बुडवले, तिचे नाव शाळेवर कशाला? दसऱ्यानंतर होणाऱ्या ग्रामसभेपुढे फलक उतरवण्याचा विषय ठेवला गेला.

मी भूकरमापक होतो. चौतीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या. माझ्या साखळीने ठरलेली हद्द पुढे कोणत्याही कचेरीत फिरली नाही, हे मी अभिमानाने लिहितो, कारण ते खरे आहे. गायरानावर अतिक्रमणे होऊ लागली, तेव्हा त्याच्या हद्दीचे नऊ दगड मीच उभा राहून बसवले. तेव्हा त्या जमिनीचा चढ-उतार मला कोणी शिकवू नये. शाळा गावाच्या तळाला आहे, गायरान माथ्याला. कॉसमॉसच्या बीला कापसाची म्हातारी नसते; ते वाऱ्यावर उडत नाही. पाण्याबरोबर वाहिलेच तर उताराने खाली येईल. शाळेतून माथ्यावर चढायला त्याला पाय हवेत.

पाय कोणाचे, याचाही मी विचार करून ठेवला होता. आमच्या आळीत दत्तू नावाचा मेंढपाळ राहतो. फलक उतरवा म्हणणाऱ्यांत तो पुढे होता. मी त्याला भर चावडीपुढे गाठले.

“दत्तू, हे बी तुझ्या मेंढरांच्या लोकरीतून वर गेले. त्याला टोकाशी दोन काटे असतात. ते लोकरीला धरते.”

“आवं अण्णा, म्हंजी आता मेंढरांवर व्हय?” तो म्हणाला. “माजी मेंढरं सालातनं दोनदा कातरतो मी. तुमच्या धोतराला कोन कातरतंय?”

चावडीवरची माणसे हसली. दत्तू मात्र हसला नाही. “बाईंचं नाव घ्यायची मला हौस न्हाई. मला बी त्यांनीच शिकिवलं. पर मेंढरं उपाशी हायती. फलक काढला म्हंजी गवत उगवंल असं न्हाई. पर गावाला कायतरी काढाय पायजे.”

हा युक्तिवाद मला उत्तर देण्याच्या लायकीचा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन धोतरे आणि स्मरणिका घालून मी निघालो. बी माहेराहून आणले आणि ते शाळेतून पसरले, ही लेखातील पहिली दोन विधाने मला पुराव्याने खोडायची होती. तिसऱ्याला, म्हणजे शालन फुले कवेत घेऊन माळावर हिंडत असे याला, माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती हिंडत असे, हे मलाही ठाऊक होते.

खंबाटकी

घाट चढताना एस.टी.चा पट्टा तुटला. चालकाने गाडी कडेला घेतली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. आभाळ भरून आलेले, पण पडत नव्हते. डोंगराची कापलेली बाजू पायथ्यापासून डोक्यावरपर्यंत पिवळी होती. प्रवाशांतील दोन बायका त्या फुलांत शिरून एकमेकींचे फोटो काढू लागल्या. “पायापाशी जनावर असेल,” असे मी म्हणालो, तर त्यांतली एक म्हणाली, “आजोबा, तुमी बी या की! एक फोटो हुं द्या!” मी गेलो, फोटोसाठी नव्हे, झाड पाहण्यासाठी.

ज्यांनी हे झाड फक्त मोटारीतून पाहिले आहे, त्यांच्यासाठी लिहितो. मृगाच्या पहिल्या सरीला ते उगवते आणि दोन महिने गवतात गवतासारखे दडून राहते. पाने शेवग्याच्या कोवळ्या पाल्यासारखी चिरलेली असल्यामुळे कोणी त्याची दखल घेत नाही. श्रावण सरता सरता ते एकदम छातीएवढे होते, डोक्यावर फुले उघडते आणि खालचे सगळे झाकून टाकते. म्हैस त्याला तोंड लावत नाही. मुळे उथळ, एका हाताने उपटते, आणि याच कारणाने माणूस त्याला कमी लेखतो. एका फुलाच्या जागी सुयांसारख्या काळ्या बियांचा झुबका धरतो. दिवाळीपर्यंत झाड मरते, परंतु तोवर त्याने पुढच्या सालाची पेरणी उरकलेली असते.

आणखी एक सवय मी तेथे नीट पाहिली. अखंड गवताच्या माळात ते सहसा प्रथम शिरत नाही. जेथे माती उकरलेली असते तेथे, म्हणजे कापलेल्या दरडीवर, चराच्या काठावर, खड्ड्याच्या तोंडाशी, ते आधी बसते आणि मग तेथून हातपाय पसरते. ही गोष्ट मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वहीत लिहून ठेवली.

दीड तासाने दुसरी गाडी आली. उभ्यानेच साताऱ्यापर्यंत जावे लागले. खिडकीतून भुईंजच्या पुलावरची कृष्णा दिसली; पाणी मातकट, काठावरही पिवळा पट्टा. शालन असती तर तिने हात जोडले असते. मी जोडले नाहीत. हात वरच्या दांडीला होते.

सातारा

साताऱ्यात रस्त्यालगत एक जुनी रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीखाली साठीचा मालक खुर्ची टाकून बसला होता. मी कॉसमॉसचे नाव काढताच तो म्हणाला, “त्येला रोप कशाला पायजे? पुडी न्या, फेका, इसरून जा.”

“हे झाड या भागात आले कोठून?”

“रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातनं. ठेकेदारानं लावलं. समद्यास्नी ठावं हाय.”

मी त्याला सांगितले की आमच्या गायरानापासून हमरस्ता तीन मैल लांब आणि खालच्या अंगाला आहे; तेव्हा ठेकेदाराची गोष्ट त्याने साताऱ्यातच ठेवावी. त्याने खांदे उडवले. वाद घालणारे गिऱ्हाईक काही विकत घेत नाही, हे त्याने ओळखले असावे. तरी मी शाळेचा विषय काढल्यावर त्याचा चेहरा बदलला.

“शाळंस्नी आमचं वडील पुड्या वाटायचे,” तो म्हणाला. “बायांचं शिबिर भरायचं हितं. बाग फुलवा म्हनून परत्येक बाईला एक पुडी. फुकाट. लय बाया न्यायच्या.”

“त्यात कॉसमॉस असे?”

“आसंच की. तवा त्येचं कवतिक हुतं. एका सालात अंगण भरतं म्हनून.”

शालन त्या शिबिराला आली होती. तिला आणायला स्टँडवर मी गेलो होतो आणि तिच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा होता, एवढे मला आठवले. पर्समध्ये दुसरी पुडी असेल, हे मला कशाला कळते? म्हणजे बी तिने आणले हे खरे. परंतु माहेराहून नव्हे, साताऱ्याहून, आणि शिक्षिकांना वाटले गेले म्हणून. स्मरणिकेतील पहिले विधान अर्धे मोडले. मी समाधानाने उठलो, तोच मालक माझ्या पायांकडे पाहून हसू लागला.

“आजोबा, तुमी मला इचारताय बी कुठनं येतं? तुमीच वागवताय की!”

धोतराचा काठ काळ्या सुयांनी भरला होता. खंबाटकीतल्या. मी खुर्चीवर बसून त्या एकेक वेचल्या. चष्मा धूसर झाल्याने सगळ्या निघाल्या नाहीत. दत्तूचे वाक्य आठवले आणि राग आला. मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर केला. पेढे घेतले नाहीत. एकट्याने पेढे घेऊन जायचे कोणासाठी?

मलकापूर

कराडला लागून असलेल्या मलकापुरात बापू राहतो. वीस वर्षे त्याने माझी साखळी ओढली. जमीन मोजताना साखळीचे दुसरे टोक धरणारा माणूस आणि बायको, ही दोन माणसे आपल्या ओढीचा जोर बरोबर ओळखतात. आता त्याचे गुडघे गेले आहेत, पण जीभ शाबूत आहे. त्याच्या घरापुढे रस्त्याचे काम चालू असल्याने ताटावरही धुळीचा थर बसत होता. सुनेने पिठले आणि ज्वारीची भाकरी वाढली. आमच्याकडे पिठल्यात कांदा परततात. येथे लसूण ठेचून वरून कच्चे तेल. मला आमचे बरे वाटते, पण भाकरी मात्र त्यांची पातळ होती, हे मान्य करतो.

मी त्याला स्मरणिका वाचून दाखवली.

“सायेब, बाईंनी मला दरसाल दिवाळीचा डबा दिला,” तो म्हणाला. “त्यांच्यावर आसलं लिवणाऱ्याच्या हाताला काय न्हाई झालं?”

नंतर गप्पा जुन्या कामांकडे वळल्या. दगडांची गोष्ट निघाली. वाचकांना हे सांगितले पाहिजे की हद्दीचा दगड नुसता रोवत नाहीत. खड्ड्यात आधी कोळसा आणि राख घालतात, मग दगड, मग माती. दगड रातोरात हलवता येतो. कोळसा कुजत नाही, किडत नाही, आणि शंभर वर्षांनी उकरले तरी खरी हद्द कोणती हे सांगतो. माझ्या खात्यातील हा जुना शहाणपणा मला नेहमी आवडत आला आहे.

“तुमच्या गायरानाला मी हुतो न्हवं?” बापू म्हणाला. “काय पावसाचं बुरंगाट लागलं हुतं! आन् सहाव्या दगडाला कोळसा संपला.”

“संपला नव्हता.”

“आवं सायेब, संपला हुता. मी म्हनलं गावात जाऊन आनतो, तर तुमी म्हनलासा, अंधार पडंल, उद्या पंच यायचं हायती, घाला काय बी.”

“बापू, माझ्या हाताखाली कोळसा कधी संपला नाही. तुझे वय झाले आहे.”

“व्हय, झालं की,” तो म्हणाला. “तुमचंच तेवढं ऱ्हायलंय व्हायचं.”

सून आत हसली. मी विषय बदलला. रात्री झोपताना ही क्षुल्लक गोष्ट मनात टोचत राहिली, ती केवळ अपमानामुळे, असा मी तेव्हा माझा समज करून घेतला.

कवठे महांकाळ

सांगली-मिरज ओलांडून पूर्वेला निघाले की हिरवा रंग हळूहळू पातळ होत जातो. पूर्वी तो एकदम संपत असे. आता कालव्याचे पाणी आले आहे आणि कुसळांच्या माळावर द्राक्षांचे मांडव उभे आहेत. तरी दोन मांडवांच्या मधली जमीन अजून तशीच उघडी, हाडासारखी. लग्नानंतर पहिल्यांदा येथे आलो, तेव्हा हात धुवायला लोटीभर पाणी मिळाले होते आणि ते खाली परातीत धरून झाडाला घातले होते. शालनला पाणी सांडलेले शेवटपर्यंत पाहवले नाही, ते याच गावामुळे.

तालुक्याच्या गावातून जीपने तिच्या माहेरी पोहोचलो. वाटेत मी दोन्ही बाजू बारकाईने पाहिल्या. गाजरगवत होते, धोतरा होता, रुई होती. कॉसमॉस एकही नव्हते. वहीत तशी नोंद केली.

शालनची थोरली बहीण, अक्का, अंगणात शेंगा फोडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाजावरून ओळखले.

“या पाव्हणं. सा वर्सांनी वाट सापडली व्हय?”

शालनच्या दहाव्यानंतर मी येथे आलो नव्हतो. याला सांगण्यासारखे कारण नव्हते. अक्काने नातसुनेला हुलग्याचे माडगे करायला सांगितले. ते गरम, तिखट, घट्ट पेय वाडग्यात आले. आमच्या भागात हुलगे बैलांना घालतात, असे मी पहिल्या खेपेला म्हणालो होतो आणि अक्काने ते चाळीस वर्षे लक्षात ठेवले होते. “घ्या,” ती म्हणाली. “बैलाचं हाय, पर चालतंय मानसाला.”

मी पायरीवर बसलो. अक्काचा हात माझ्या धोतराच्या काठाला लागला आणि ती थबकली. तिने बोटांनी चाचपून एक सुई काढली, मग दुसरी. मोजून सात निघाल्या. त्या मुठीत धरून ती भिंतीच्या आधाराने आत गेली आणि चुलीत टाकून आली.

“अक्का, चुलीत कशाला?”

“शालननं लिवलं हुतं. हे बी नुसतं टाकायचं न्हाई, जाळायचं.”

मी विचारले, काय लिहिले होते. तिने कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता. अक्काला वाचता येत नाही. आल्या-गेल्याकडून पत्रे वाचून घ्यायची तिची सवय. बोटांनी कडा चाचपत तिने त्यांतले एक नेमके ओढले. “ह्येच्या कोपऱ्याला तेल लागलंय. वाचा.”

शालनचे अक्षर फळ्यावरच्यासारखे गोल आणि सरळ होते. मी मोठ्याने वाचू लागलो.

“अक्का, तू मागितलेस तरी या फुलाचे बी तुला पाठवणार नाही. शिबिरात पुडी मिळाली म्हणून शाळेत लावले. दिसायला गोड, पण दुसऱ्या साली त्याने तुळससुद्धा झाकली. जनावर खात नाही. आपल्याकडे आधीच पाणी नाही, त्यात हे नको. मी सगळी झाडे उपटली. बोंडे खुडून पोत्यात भरली आणि एकही बी सांडू नये म्हणून पोत्याचे तोंड दाभणाने शिवले. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत...”

“पाव्हणं,” अक्का म्हणाली, “मधली वळ गाळलीसा.”

“कोणती?”

“मला पाठ हाय समदं.” आणि मोतीबिंदूचे डोळे समोरच्या भिंतीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारख्या सुरात, शालनच्या शुद्ध भाषेत ती म्हणाली, “‘पोते ह्यांच्याकडे दिले आहे. गायरानावर दगड बसवत आहेत, त्याखाली राख लागतेच. म्हणाले, जाळून घालतो.’”

मी ते वाक्य गाळले होते, हे लिहून ठेवतो. डोळ्यांनी वाचले होते. तोंडातून निघाले नाही.

विसरलो होतो, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. लक्षात ठेवण्यासारखे ते मला कधी वाटलेच नव्हते. बुरंगाट लागले होते. पोते भिजले होते आणि काडी धरत नव्हती. पाच दगड बसले होते, चार बाकी होते, दुसऱ्या दिवशी पंच यायचे होते. मी खिशातल्या चाकूने पोत्याचे तोंड कापले आणि बोंडे खड्ड्यांत आणि खड्ड्यांभोवती ओतली. वर माती ओढली. राख काय आणि पाचोळा काय, खड्डा भरल्याशी मतलब, असे मी म्हणालो. घरी आल्यावर शालनने विचारले, “जाळलेत ना?” मी हो म्हणालो.

“मग ती दर आश्विनात माळावर जात असे, ती...” मी विचारले.

“इळा घिऊन जायाची. उपटाया.” अक्का पुन्हा शेंगा फोडू लागली. “पुढल्या पावसाळ्यात दगडापाशी उगवल्यालं बघितलं, तवाच तिला कळलं. एकटी किती उपटणार? पर जायाची. कवळंत घिऊन खाली आनायची आन् न्हाणीच्या चुलीत घालायची. मला म्हनली, ह्यास्नी सांगू नगंस. दगडं बसवल्याचा लय अभिमान हाय त्यास्नी.”

न्हाणीच्या चुलीत आश्विनात नेहमी ओला, कडवट धूर होत असे. मी त्यावरून तिला बोलत असे. वाळकी लाकडे मिळत नाहीत का, असे विचारत असे.

अक्काने आणखी एक वाडगा पुढे केला. मी प्यायलो. माडगे निवले होते.

परत गावी

परतीच्या वाटेवर कोठे उतरलो नाही. फक्त मलकापुरात बापूच्या दारात उभ्या उभ्या सांगितले, “कोळसा संपला होता.” तो म्हणाला, “बसा की सायेब.” मी बसलो नाही.

आमचा नियम असा की कागदावर भरवसा ठेवायचा, पण जागेवर जाऊन ताळा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन मी गायरानाकडे निघालो. दम लागत होता. वाटेत दत्तू मेंढरे घेऊन उभा होता. मेंढरे रस्त्याकडेच्या धुळकट गवताला तोंड लावत होती. माझ्या हातातली पहार त्याने न विचारता घेतली.

“काय उकरायचं अण्णा?”

“पाचवा दगड.”

खालच्या अंगाच्या पहिल्या पाच दगडांकडे पिवळे विरळ आहे. मधूनमधून कुसळी गवत अजून तग धरून आहे. दत्तूने पाचव्या दगडाच्या कडेला वीतभर उकरले. “कोळसा हाय,” तो म्हणाला.

मग आम्ही माथ्याकडे गेलो. सहाव्या दगडाकडे जायला वाट नाही. कॉसमॉस छातीपर्यंत, आणि खाली मेलेल्या काड्यांचे इतक्या सालांचे थर की पाय बुडतो. दगड दिसतच नव्हता. हाताने चाचपून शोधावा लागला. दत्तूने उकरले, आणखी उकरले. “कोळसा न्हाई. नुसती माती हाय.” सातवा तसाच. आठवा तसाच. नवव्याला मी नको म्हणालो, तरी त्याने उकरले आणि खड्डा पुन्हा बुजवला. त्या चार दगडांपासून पावसाच्या पाण्याच्या ओघळींबरोबर पिवळे पट्टे खाली उतरले आहेत आणि मध्यावर एकमेकांत मिसळले आहेत. मोजणीच्या नकाशावर रेषा ओढाव्यात इतके स्पष्ट. आजवर मी हे पाहिले नव्हते, कारण शालन गेल्यापासून मी तेथे चढलोच नव्हतो, आणि त्याआधी मी फक्त दगड पाहत होतो.

मी दत्तूला सगळे सांगितले. पोते, बुरंगाट, चाकू, आणि घरी दिलेले उत्तर. तो पहारीवर हात ठेवून ऐकत राहिला.

“म्हंजी बाई उपटत हुत्या?” तो म्हणाला. “आन् आमी पोरं टाळ्या वाजवायचो. बाई फुलं घिऊन आल्या, फुलं घिऊन आल्या, करत.” थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “मंग ग्रामसभंत काय सांगनार, अण्णा?”

“तुझ्या मेंढरांचे नाव मागे घेणार.”

“त्ये ऱ्हाऊ द्या. मेंढरं कुठं वाचत्यात.”

तो मेंढरे घेऊन खाली गेला. मी सहाव्या दगडापाशी थांबलो आणि हाताला येतील तेवढी झाडे उपटली. वीस-पंचवीस निघाली असतील. पाठ धरली म्हणून थांबलो. ती कवेत घेऊन उतरताना शाळा सुटली होती, आणि पोरे माझ्याकडे पाहत उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. न्हाणीच्या चुलीत ती झाडे घातल्यावर तोच ओला, कडवट धूर झाला. मी खिडकी उघडली नाही.

हे लेखन मी ग्रामसभेपुढे वाचणार आहे आणि स्मरणिकेच्या लेखक महाशयांनाही एक प्रत देणार आहे. गायरानावर अपराध्याच्या नावाचा फलक हवाच असेल, तर माझ्या नावाचा लावावा. मजकूर मी तपासून देईन, कारण त्यांच्या लेखात शुद्धलेखनाच्याही चुका आहेत. शाळेपुढचा फलक मात्र हलणार नाही. बी पुडीतून आले, ते साताऱ्याहून आले, ते शाळेत दोन वर्षे फुलले. एवढे सगळे मी मान्य करतो. पण शालनने ते गायरानावर जाऊ दिले, हे मी कोणालाही म्हणू देणार नाही. पुरावा एकच आहे आणि तो तिच्या अक्षरात आहे: पोत्याचे तोंड तिने दाभणाने शिवून दिले होते. ती शिवण मी कापली.